एका झाडाची दोन फळं

डिसेंबर लागला की दुकानांच्या काचेआड लाल गोळे लटकायला लागतात. लहानमोठे, चकचकीत, गोल गरगरीत. ख्रिसमस ट्री म्हटलं की ते आलेच, आणि डोळ्यांना त्यांची इतकी सवय झाली आहे की त्यात नवल वाटण्याजोगं काही असेल असं मनातही येत नाही. पण क्षणभर त्या झाडाकडे नुसतं झाड म्हणून बघा. ते फर किंवा स्प्रूस, म्हणजे सुईसारख्या पानांचं, डोंगरातलं झाड. त्याला ना मोहोर येतो ना रसाळ फळ धरतं. धरतो तो खवल्याखवल्यांचा, लाकडासारखा वाळका शंकू. आणि अशा झाडाच्या फांद्यांना माणसं शेकडो वर्षं हौसेनं काय टांगत आली आहेत, तर लाल, गोल, मुठीत मावेल असं एक फळ. हे फळ आलं कुठून?

उत्तर बायबलच्या अगदी सुरुवातीला आहे, ‘उत्पत्ती’ या पहिल्या पुस्तकाच्या तिसऱ्या अध्यायात. एदेन बागेतलं जे फळ खाऊ नका म्हणून देवानं बजावलं होतं आणि आदाम-हव्वेनं जे खाल्लं, ते हे फळ. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी चक्रावून गेलो. नाताळ म्हणजे जन्माचा सण, बाळाचा, गोठ्याचा, ताऱ्याचा. त्या आनंदाच्या मधोमध माणसाच्या पहिल्या चुकीची आठवण कशी काय येऊन बसली?

त्याचं कारण जुन्या दिनदर्शिकेत आहे. मध्ययुगीन पश्चिम युरोपात वर्षाचा जवळजवळ प्रत्येक दिवस कुणा ना कुणा संताच्या नावे असे, आणि २४ डिसेंबर हा दिवस होता आदाम आणि हव्वा यांचा. २५ तारखेला ख्रिस्ताचा जन्म, आदल्या दिवशी आदामाची आठवण. ही जोडणी उगीच झालेली नाही. संत पौलानं करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्रात ख्रिस्ताला ‘शेवटचा आदाम’ म्हटलं आहे. पहिल्यानं जे गमावलं ते शेवटच्यानं परत मिळवून दिलं, असा त्याचा भाव. दिनदर्शिका करणाऱ्यांनी दुखणं आणि औषध पाठोपाठच्या दोन दिवसांत मांडून ठेवलं.

लिहिता-वाचता न येणाऱ्या लोकांना ही गोष्ट कळावी म्हणून ती करून दाखवत. बाराव्या शतकातलं आदामाचं एक नाटक आजही उपलब्ध आहे. ते अँग्लो-नॉर्मन फ्रेंचमध्ये आहे, पण नटांसाठीच्या सूचना लॅटिनमध्ये, आणि माझ्या मते त्या सूचना संवादांहूनही सुंदर आहेत. एदेनची बाग उंचवट्यावर उभारायची, भोवती पडदे आणि रेशमी वस्त्रं सोडायची. आत सुगंधी फुलं, हिरवा पाला आणि फळं लटकलेली नाना झाडं लावायची. आदामाला तांबडा अंगरखा, हव्वेला पांढरं वस्त्र. निषिद्ध झाडाच्या बुंध्यावरून वर चढणारा साप युक्तीनं बनवलेला हवा. आणि एक सूचना तर मला विसरताच येत नाही: नाटकात जो कोणी त्या बागेचं नाव घेईल त्यानं तिच्याकडे बघावं आणि हातानं ती दाखवावी. म्हणजे बाग हातभर अंतरावर आहे, डोळ्यांना दिसते आहे, आणि तरी हरवलेली आहे. फळ खाऊन झाल्यावर आदाम आपला भरजरी पोशाख उतरवून अंजिराच्या पानांची गरिबीची वस्त्रं घालतो. नाटकाच्या शेवटच्या भागात जुन्या करारातले संदेष्टे एकेक करून पुढे येतात आणि येणार असलेल्या तारकाचं भाकीत सांगून जातात. आदामापासून सुरू झालेली गोष्ट अशी ख्रिस्तजन्माच्या उंबरठ्यावर आणून सोडलेली असते.

पुढे जर्मन मुलुखात अशी ‘पॅराडाइज’ची नाटकं नाताळच्या दिवसांत होऊ लागली. (‘पॅराडाइज’ हा शब्द मुळात जुना इराणी. त्यातला पहिला तुकडा आणि आपल्या ‘परिसर’मधला ‘परि’ हे सख्खे भाऊ. भोवतीनं भिंत घातलेली जागा, इतकाच त्याचा मूळ अर्थ.) आता अडचण बघा. नाटकाला फळांनी लदलेलं झाड हवं आणि बाहेर डिसेंबर. सफरचंदाच्या झाडाचे खराटे झालेले. ओक, बीच, सगळी पानझडी झाडं उघडी पडलेली. रानात जाऊन हिरवं म्हणून आणायचं तर हाताशी उरतं ते फर. शरद ऋतूत उतरवलेली सफरचंदं मात्र तळघरात पेंढ्यात नीट ठेवलेली असतात. मग फर तोडून आणायचं आणि त्याला सफरचंदं बांधायची. बऱ्याच अभ्यासकांच्या मते ख्रिसमस ट्रीची सुरुवात इथे आहे.

फरच का हिरवं राहतं, हेही जवळून बघण्यासारखं आहे. युरोपातल्या रुपेरी फरचं एक पान, म्हणजे एक सुई, उलटी करून पाहिली तर खालच्या बाजूला दोन पांढऱ्या रेघा दिसतात. या रेघा म्हणजे पानाच्या श्वासाच्या छिद्रांच्या रांगा, मेणानं झाकलेल्या. थंडीत जमीन गोठली की मुळांना पाणी ओढता येत नाही. रुंद पानांतून पाणी उडत राहिलं तर झाड तहानेनं मरेल, म्हणून पानझडी झाडं पानंच टाकून देतात. फर पानं टाकत नाही. पान आधीच सुईइतकं बारीक, वरून मेणकट थर, छिद्रं झाकलेली. त्यामुळे ओलावा आतच राहतो आणि एकेक सुई कित्येक हिवाळे फांदीवर टिकते. सगळं रान मेल्यासारखं उभं असताना एकाच झाडात जीव दिसतो. सनातन जीवनाची खूण म्हणून लोकांना ते का भावलं, हे समजायला मला तरी वेगळं तत्त्वज्ञान लागलं नाही.

पण ते फळ सफरचंदच होतं असं कुणी ठरवलं? ‘उत्पत्ती’मध्ये फळाचं नावच नाही. यहुदी पंडितांनी अंजीर, द्राक्ष, इतकंच काय, गहूसुद्धा सुचवला आहे. मायकेलअँजेलोनं सिस्टाइन चॅपेलच्या छतावर अंजिराचं झाड रंगवलं. पश्चिम युरोपात मात्र सफरचंद ठरलं, आणि त्याला लॅटिन भाषेतल्या एका योगायोगाचा हातभार लागला. ‘मालुम’ म्हणजे सफरचंद, आणि ‘मलुम’ म्हणजे पाप, वाईट. फरक फक्त पहिल्या स्वराच्या लांबीचा. एक काना आखूड झाला की फळाचं पाप होतं! अशी जोडी हाती लागल्यावर चित्रकार आणि प्रवचनकार दुसऱ्या फळाकडे कशाला वळतील?

इथवर आलं फक्त पाप. झाडाला दुसरं फळ लागलं तेव्हा गोष्ट पुरी झाली, आणि ते दुसरं फळ बघायला म्युनिकला जायला हवं.

तिथल्या बव्हेरियन राज्य ग्रंथालयात साल्झबुर्गच्या आर्चबिशपसाठी तयार केलेला पाच खंडांचा एक मिस्साग्रंथ, म्हणजे चर्चमधल्या मिस्सा या उपासनेचं पुस्तक, आहे. रेगेन्सबुर्गच्या बर्थोल्ड फुर्टमायर या चित्रकारानं तो सजवला. त्यातलं १४८१च्या सुमाराचं एक चित्र मी पुन्हापुन्हा बघत आलो आहे. मधोमध एक डेरेदार झाड आहे. बुंध्याला साप वेढा घालून बसला आहे आणि पायथ्याशी आदाम आहे. उजवीकडे हव्वा, विवस्त्र. सापाच्या तोंडातलं फळ घेऊन ती समोर गुडघे टेकलेल्या लोकांच्या मुखी देते आहे. त्यांच्या मागे मृत्यू उभा आहे, सांगाड्याच्या रूपात. डावीकडे मरिया, वस्त्रांनी झाकलेली. तीसुद्धा त्याच झाडावरून काहीतरी तोडून समोर गुडघे टेकलेल्यांना भरवते आहे, आणि त्यांच्या मागे देवदूत आहे. मरिया काय तोडते आहे? लहान, गोल, पांढऱ्या चकत्या. मिस्सामध्ये ख्रिस्ताचं शरीर म्हणून दिली जाते ती बिनखमिराची पवित्र भाकर. आता पानांत नीट बघा. हव्वेच्या बाजूच्या पाल्यात एक कवटी आहे. मरियेच्या बाजूच्या पाल्यात क्रुसावर खिळलेला ख्रिस्त आहे. एकच झाड, एकाच खोडातून वाढलेलं, एकाच वेळी दोन फळं धरलेलं. एक खाल्ल्यानं मरण आलं, दुसरं खाल्ल्यानं जीवन.

या चित्रापाशी मी थांबतो ते त्यातल्या हातांमुळे. दोघी बाया तेच करतात. झाडाकडे हात नेतात, तोडतात, दुसऱ्याला भरवतात. विष आणि औषध देण्याची रीत एकच ठेवून चित्रकारानं सगळा फरक फळावर सोपवला आहे.

चित्रकाराच्या डोक्यातून हे एकाएकी निघालेलं नाही. त्यामागे एका ग्रीक शब्दाची मोठी करामत आहे. तो शब्द ‘क्सुलॉन’, अर्थ लाकूड, आणि झाडसुद्धा. शाळेत जीवशास्त्रात शिकलेलं ‘झायलेम’ आणि लाकडी पट्ट्यांवर वाजवायचं ‘झायलोफोन’ हे दोन्ही त्यातूनच आले. हिब्रू शास्त्राचं ग्रीक भाषांतर झालं तेव्हा एदेनमधल्या झाडांना हाच शब्द वापरला गेला. पुढे पेत्र आणि पौल ख्रिस्ताच्या क्रुसाविषयी बोलतात तिथेही हाच शब्द येतो. आणि बायबलच्या शेवटच्या पुस्तकात, ‘प्रकटीकरणा’त, नव्या यरुशलेमेत नदीकाठी उभं असलेलं जीवनाचं झाड, बारा प्रकारची फळं देणारं, ज्याची पानं राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत, तेही ‘क्सुलॉन’च. म्हणजे ग्रीकमध्ये बायबल वाचणाऱ्याला पहिल्या पानांवर एक झाड भेटतं, मध्यावर एक आणि शेवटी एक, आणि तिन्ही ठिकाणी कानावर तोच शब्द पडतो. तीन झाडं की एकच झाड, हा प्रश्न त्याला पडल्यावाचून राहील कसा? आपल्याकडेही ‘दारु’ या संस्कृत शब्दाचा अर्थ लाकूड, आणि देवदार हे झाड. इंग्रजीतला ‘ट्री’ हा याच ‘दारु’च्या कुळातला. ख्रिसमस ट्री म्हणताना आपण देवदाराच्या एका दूरच्या नातलगाला हाक मारत असतो.

लोकांच्या कल्पनेनं मग या झाडांमध्ये धागा ओवला. तेराव्या शतकात जाकोबुस दे व्होराजिने यानं संतांच्या कथांचा जो प्रसिद्ध संग्रह केला, त्यात ती कथा आहे. आदाम मरणाला टेकला तेव्हा त्याचा मुलगा शेथ स्वर्गबागेच्या दाराशी गेला. तिथे देवदूतानं त्याला झाडाची डहाळी दिली. शेथ परतला तोवर बाप गेला होता, म्हणून त्यानं ती बापाच्या थडग्यावर रोवली. तिचं झाड झालं. शलमोन राजाच्या काळात ते तोडलं गेलं, कशातच नीट बसेना म्हणून ओढ्यावर साकवासारखं आडवं टाकलं गेलं. शबाची राणी तिथे आली आणि ते लाकूड ओळखून पुढे पाऊल टाकेना. शेवटी त्याच लाकडाचा क्रूस झाला. इटलीत अरेत्सो इथल्या सेंट फ्रान्सिसच्या चर्चमध्ये पिएरो देल्ला फ्रांचेस्का यानं पंधराव्या शतकात ही सगळी कथा भिंतीवर रंगवली आहे. थकलेला, नागडा, म्हातारा आदाम तिथे जमिनीवर बसला आहे. जगातलं पहिलं म्हातारपण! क्रुसाच्या चित्रांत पायाशी कवटी दिसते ना, ती या आदामाचीच. रोमच्या सान क्लेमेंते चर्चमधलं बाराव्या शतकातलं मोझेक तर आणखी पुढे जातं. तिथल्या क्रुसाला अक्षरशः पालवी फुटली आहे. त्याच्या मुळातून निघालेल्या वेली सोनेरी घुमटभर पसरल्या आहेत, खाली हरणं झऱ्याचं पाणी पीत आहेत आणि वेलींच्या वळणांत एक बाई कोंबड्यांना दाणे टाकते आहे. मारण्याचं लाकूड जगण्याचं झाड झालं, हे याहून सरळ कसं सांगणार?

आता या सगळ्याचा माग काढत एका साध्या बैठकीच्या खोलीत येऊ. ऱ्हाईन नदीच्या काठचा आल्झास प्रांत, आज फ्रान्समध्ये असलेला. तिथल्या सेलेस्ता गावाच्या जमाखर्चात १५२१ साली एक नोंद आहे. २१ डिसेंबरपासून, म्हणजे संत थॉमसच्या दिवसापासून, गावच्या रानातल्या झाडांवर पहारा ठेवायचा आणि त्यासाठी रानरक्षकांना चार शिलिंग द्यायचे. पहारा ठेवायची वेळ आली याचा अर्थ लोक झाडं तोडून नेत होते, आणि एकटेदुकटे नव्हे. आजही त्या गावच्या सेंट जॉर्ज चर्चमध्ये दर नाताळला कमानींखाली फरची झाडं टांगतात आणि शतकाशतकाला सजावट कशी बदलत गेली ते दाखवतात.

मग १६०५ साल आणि शेजारचंच स्ट्रासबुर्ग शहर. एका प्रवाशानं टिपून ठेवलं आहे की इथले लोक नाताळात घरात फरचं झाड उभं करतात आणि त्यावर रंगीत कागदाचे गुलाब, सफरचंदं, पातळ पांढऱ्या वेफर, सोनेरी वर्ख आणि साखर टांगतात. ही यादी वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता. सफरचंद आणि पांढरी गोल वेफर, एकाच झाडावर! म्युनिकच्या ग्रंथातलं ते चित्र कुणीतरी पानातून बाहेर काढून घरात उभं केलं होतं. घरच्या झाडावरची वेफर अर्थातच वेदीवर आशीर्वादित केलेली नसे, पण आकार तोच, रंग तोच. मुलं ती बघत आणि आजी किंवा आई सांगत असणार: यानं गेलं, यानं परत मिळालं. कागदाच्या गुलाबालाही अर्थ आहे. यशया संदेष्ट्यानं म्हटलं होतं की इशायाच्या बुंध्याला अंकुर फुटेल. मध्ययुगीन भाविकांनी तो अंकुर म्हणजे मरिया आणि तिच्या पोटी उमललेला गुलाब म्हणजे ख्रिस्त, असं मानलं. हिवाळ्यात फुलणारा गुलाब हा नाताळच्या कितीतरी जुन्या गीतांचा विषय आहे.

याच स्ट्रासबुर्गमध्ये काही दशकांनी योहान कोनराड डानहाउअर नावाच्या ल्युथरपंथी धर्मपंडिताला हे झाड खटकलं. त्याची तक्रार अशी की लोक देववचनापेक्षा या गोष्टीतच रमतात. झाड आणतात, त्याला बाहुल्या आणि साखर लटकवतात, मग हलवून ते लुटू देतात. ही चाल आली कुठून तेही कळत नाही, आणि त्यापेक्षा मुलांना ख्रिस्त नावाचा आध्यात्मिक देवदार दाखवावा. मला या माणसाविषयी आदर वाटतो, कारण त्याची कळकळ खरी होती. त्यानं नोंदवलेल्या बाहुल्या आणि साखर बघा. सफरचंद आणि वेफरचा उल्लेखही नाही. चारेक दशकांत अर्थ झिजून गोडवा तेवढा उरला असावा. जो देवदार मुलांना दाखवावा असं तो म्हणत होता, त्याची आठवण देणारी फळं या झाडावर त्याच शहरात नुकतीच लटकून गेली होती.

आणि आता एक गोष्ट, जिच्यामुळे हा विषय मला मराठी माणूस म्हणून आपला वाटतो. स्ट्रासबुर्गच्या त्या नोंदीनंतर अवघ्या अकरा वर्षांनी, १६१६ साली, गोव्यात साष्टीतल्या रायतूरला एक ग्रंथ छापून निघाला: ‘क्रिस्तपुराण’. कर्ता फादर थॉमस स्टीफन्स, १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट. जवळपास अकरा हजार ओव्या, आणि त्याही मराठीत. नव्यानं ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं सुटली होती, त्यांच्या जागी वाचायला-ऐकायला काही हवं होतं. स्टीफन्सनं ते पुराणाच्याच घाटात दिलं. स्वर्गाला त्यानं वैकुंठ म्हटलं. ग्रंथाचे दोन भाग. पहिलं पुराण आदामाच्या पतनाची गोष्ट घेऊन पुढे तारकाच्या वाटेकडे डोळे लावतं, दुसरं त्याच्या जन्मापासून. २४ डिसेंबर आणि २५ डिसेंबर! आल्झासमधली कुटुंबं झाडाला टांगून जे सांगत होती, तेच साष्टीत ओवीला बांधून सांगितलं जात होतं. स्टीफन्सला तिकडच्या झाडाची खबर असण्याची गरजच नव्हती, कारण दोन्हीकडे मूळ एकच होतं.

गोव्यात काय किंवा वसईत काय, समुद्रकाठी फर उगवत नाही. तिथे कितीतरी घरांत सुरूची फांदी आणून कुंडीत उभी करतात. सुरू सूचिपर्णी नाही. ज्यांना आपण सुया समजतो त्या तिच्या बारीक हिरव्या काड्या असतात आणि खरी पानं त्यांच्या पेरांवर इवल्या खवल्यांसारखी चिकटलेली असतात. म्हणून कुणी हे खरं ख्रिसमस ट्री नव्हे म्हणेल, तर त्याला ते जुने नट दाखवावेत. त्यांना सफरचंदाचं झाड मिळालं नाही म्हणून त्यांनी फर आणलं होतं. आपल्याला फर मिळालं नाही म्हणून सुरू. एदेनचं झाड सुरुवातीपासून जवळच्या रानातूनच आलेलं आहे.

पुढचा इतिहास बहुतेकांना थोडाफार ठाऊक असतो, म्हणून तो भराभर सांगतो. फांद्यांवर मेणबत्त्या आल्या. जो जगाचा प्रकाश म्हणवतो त्याची ती खूण. त्या मार्टिन ल्युथरनं चांदण्या रात्री सुचून लावल्या ही कथा गोड असली तरी कथाच आहे, त्याच्या काळातला पुरावा नाही. संत बोनिफासनं आठव्या शतकात गाइस्मारचा ओक तोडला, तो देवांचा मानलेला वृक्ष होता आणि त्याच्या लाकडातून त्यानं प्रार्थनामंदिर बांधलं, हे त्याच्या जुन्या चरित्रात आहे. त्या बुंध्यातून फरचं रोप उगवलं हा भाग फार नंतर जोडला गेला. शेंड्यावर मत्तयाच्या शुभवर्तमानातला तारा बसला. १८४८ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकानं राणी व्हिक्टोरियाचं कुटुंब झाडाभोवती दाखवलं आणि घरोघरी चाल पोचली. कॅथलिकांचा जीव मात्र बराच काळ संत फ्रान्सिसनं १२२३ साली ग्रेच्चोत मांडलेल्या गोठ्यात अडकला होता. झाड त्यांना ल्युथरवाल्यांचं वाटे. रोमच्या सेंट पीटर चौकात पहिलं झाड उभं राहायला १९८२ साल उजाडावं लागलं, पोप जॉन पॉल दुसरे यांच्या काळात. आज तिथे गोठा आणि झाड शेजारी शेजारी असतात.

आणि सफरचंद? ते काचेचं झालं. थुरिंजियाच्या डोंगरातलं लाउशा हे काच फुंकणाऱ्यांचं गाव. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तिथे झाडासाठी काचेची फळं आणि गोळे फुंकू लागले, आतून रुपेरी मुलामा देऊन. सफरचंदं विकत घ्यायला परवडेनात म्हणून एका गरीब कारागिरानं ती काचेची केली, असं तिथे सांगतात. आल्झासच्या सीमेलगत, उत्तर व्होज डोंगरातल्या मायझेनटालकडची आख्यायिका वेगळी आहे. १८५८ साली पीक बुडालं, झाडाला लावायला सफरचंदं नव्हती, तेव्हा तिथल्या काच कारागिरांनी ती भट्टीत पिकवली. कोणती गोष्ट खरी हा प्रश्न मला पडत नाही. दोन्ही गावांना एक गोष्ट पक्की ठाऊक होती, की हा गोळा म्हणजे सफरचंद. दुकानातला लाल प्लास्टिकचा गोळा त्याच काचेच्या फळाचा नातू. वेफरचं नशीब वेगळं. ती जाड होत गेली, मधाची आणि मसाल्यांची झाली, आणि तिची बिस्किटं झाली. झाडावर टांगलेलं बिस्कीट दिसलं की मी मनातल्या मनात ते पुन्हा पांढरं आणि पातळ करून बघतो.

डानहाउअरनं ज्या लुटीची तक्रार केली होती, ती चाल मात्र टिकून राहिली. स्वीडनमध्ये १३ जानेवारीला, संत क्नूटच्या दिवशी, मुलं झाडाभोवती शेवटचा फेर धरतात आणि मग त्यावरचा सगळा खाऊ लुटतात. जर्मन घरांतही सण सरल्यावर झाड लुटायची रीत होती. ‘उत्पत्ती’च्या तिसऱ्या अध्यायाचा शेवट आठवा. आदाम-हव्वेला बाहेर घालवल्यावर जीवनाच्या झाडाकडे कुणाचा हात जाऊ नये म्हणून देवानं वाटेवर करूब, म्हणजे पहारेकरी देवदूत, आणि फिरती ज्वालेची तलवार ठेवली होती. सोळाव्या शतकात बोहेमियातल्या योआखिमस्टाल गावच्या निकोलाउस हेरमान या शिक्षकानं मुलांसाठी नाताळचं एक गीत लिहिलं. गीत १५६० साली छापलं गेलं. त्याच्या शेवटी नेमकी हीच बातमी आहे, की ते दार आज उघडलं आहे आणि तो पहारेकरी करूब आता तिथे नाही.

म्हणून मला ती लूट डोळ्यांसमोर येते. शरदात उतरवलेलं, महिनाभर फांदीला लटकून सुरकुतलेलं, एका बाजूला मेणाचा थेंब ओघळून थिजलेलं सफरचंद. खाली चवड्यांवर उभं राहिलेलं एक मूल. ते आईकडे बघतं. आई मान हलवून हो म्हणते. मूल हात वर करतं, फांदी वाकवतं, आणि झाडावरचं फळ तोडून खातं.